चौदाशे गावांचे धनी

अंबरनाथच्या शिवमंदिरात देवाला भेटायचं तर खाली उतरावं लागतं. मंडपातून गाभाऱ्याकडे वीसेक पायऱ्या जातात. लहानपणी श्रावणी सोमवारी आजी मला तिथे न्यायची. तिच्या एका हातात बेलाची पुडी आणि तेलाची छोटी पितळी बुधली असायची, दुसऱ्या हातात माझं मनगट. "जपून गं, दगड निसरडा आहे," हे ती दर पायरीला म्हणायची. खाली पोचेपर्यंत बाहेरचा गलका विरून जायचा, वालधुनीच्या ओल्या काठाचा वास मागे राहायचा आणि तळपायांना गार दगड लागायचा. वर पाहिलं की आभाळाचा एक तुकडा दिसायचा. शिखराचा वरचा भाग नाहीच. पांडवांनी हे देऊळ एका रात्रीत बांधायला घेतलं, पण शिखर व्हायच्या आधी कोंबडा आरवला, असं आजी सांगायची. मला ते पटायचं. इतके हत्ती, इतक्या अप्सरा, इतके ऋषी दगडातून काढायचे म्हणजे माणसाचं काम नव्हे असंच वाटायचं.

ते माणसांचंच काम होतं, आणि त्यांनी तसं लिहूनही ठेवलं आहे. उत्तरेकडच्या दाराच्या आतल्या बाजूला, वर तुळईवर, एक छोटा लेख आहे. आम्ही पायांकडे बघत आत जाणारी माणसं. तिकडे मान वर करून कुणी बघत नाही. मीही वयाची तिशी ओलांडेपर्यंत बघितलं नव्हतं. लेखात शक ९८२ आहे, म्हणजे इसवी सन १०६०, महिना श्रावण. आरंभीच्या अभ्यासकांनी आकडा ७८२ असा वाचला होता. पहिल्या अंकाचं वळण नीट लागलं तेव्हा देऊळ दोनशे वर्षांनी तरुण झालं. त्यात राजाचं नाव आहे माम्वाणि, म्हणजे मुम्मुणी. आणि त्याचबरोबर छित्तराजदेवाच्या 'भवना'चा उल्लेख आहे. छित्तराज हा मुम्मुणीचा थोरला भाऊ. थोरल्यानं सुरू केलेलं काम धाकट्यानं पुरं केलं, असा अर्थ काही अभ्यासक लावतात. मला तोच अर्थ जवळचा वाटतो. आमच्या घरातही वडिलांनी पाया घातलेलं घर काकांनी पुरं केलं, म्हणून असेल.

या लेखानंच मला शिलाहारांकडे नेलं. नंतर एकदा मनाशी हिशेब केला तेव्हा अंगावर काटा आला. जन्म अंबरनाथचा, नोकरी ठाण्यात, बहिणीचं घर बोरिवलीला, दर उन्हाळ्याची सुट्टी अलिबागकडच्या नागावात. माझं सगळं आयुष्य याच एका राज्याच्या हद्दीत गेलं आहे. आणि शाळेत आम्हाला या राज्याबद्दल शिकवलं ते एका ओळीत: 'कोकणात शिलाहार घराण्याचे राज्य होते.' पुढे लगेच यादव.

शिलाहारांची घराणी तीन: उत्तर कोकणातलं, दक्षिण कोकणातलं आणि कोल्हापूर-पन्हाळ्याकडचं. मी लिहितेय ते उत्तर कोकणच्या घराण्याबद्दल, ज्यांचं ठाणं होतं श्रीस्थानक, म्हणजे आपलं ठाणं. साधारण इसवी सन ८०० पासून १२६५ पर्यंत, साडेचारशेहून अधिक वर्षं, ते इथे होते. मुंबईवर इंग्रजांनी जितकी वर्षं राज्य केलं त्याच्या दीडपटीहून जास्त. आणि राज्य केवढं? त्यांच्याच ताम्रपटांत सांगितलंय तेवढं: पुरी ही मुख्य धरून 'चौदाशे गावांचं कोकण'. ही पुरी नेमकी कुठली यावर अजून वाद आहे. कुणी घारापुरी म्हणतं, कुणी राजपुरी. पण बाकीची नावं आजही तोंडात आहेत, नुसती झिजली आहेत. शूर्पारक म्हणजे सोपारा, चेमूल्य म्हणजे चौल, संयान म्हणजे संजाण. षट्षष्टी, म्हणजे सहासष्ट गावांचा मुलूख, त्याची साष्टी झाली.

घराण्याच्या नावाची कथा मला फार आवडते. गरुडाला रोज एक नाग खायला द्यायचा असा करार होता. ठरलेल्या शिळेवर नागानं जाऊन बसायचं. एके दिवशी शंखचूड नावाच्या नागाची पाळी आली आणि त्याची आई रडत होती. ते पाहून विद्याधर राजपुत्र जीमूतवाहन त्याच्या जागी शिळेवर जाऊन बसला. शिळेवरचा आहार तो शिलाहार. त्या काळात बहुतेक राजे आपलं कूळ सूर्याला किंवा चंद्राला नेऊन भिडवत. यांनी निवडला तो दुसऱ्याच्या मुलासाठी स्वतःला खाऊ घालणारा पूर्वज. बिरुदांतही ते उतरलं आहे: शरणागतवज्रपंजर, म्हणजे आसऱ्याला आलेल्यासाठी वज्राचा पिंजरा. निशाणावर मात्र सोन्याचा गरुड. ज्यानं खाल्लं त्याचंच चित्र ध्वजावर का घेतलं असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. कथेत शेवटी गरुडाला पश्चात्ताप होतो आणि तो नागांना मारणं सोडतो, हेच त्याचं उत्तर असावं. शेलार हे आडनाव शिलाहारांवरून आलं असं बरेच जण मानतात.

दुसरं बिरुद 'तगरपुरवराधीश्वर'. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. राज्य समुद्रकाठी, आणि नावापुढे घाटावरचं, कित्येक पिढ्यांपूर्वी सुटलेलं गाव. कोकणातून मुंबईत आलेली माणसं चार पिढ्यांनंतरही 'आम्ही मूळचे अमुक गावचे' सांगतात, तसंच हे.

बिरुदं एवढी लांबलचक, पण राजे मुळात मांडलिक. पदवी महामंडलेश्वर. तिच्याबरोबर 'पंचमहाशब्द', म्हणजे शिंग, तम्मट, शंख, भेरी आणि जयघंटा ही पाच वाद्यं वाजवून घ्यायचा मान. हा मान वरच्या सम्राटानं द्यायचा असतो. सुरुवातीला तो दिला राष्ट्रकूटांनी. कान्हेरीच्या लेण्यांत नवव्या शतकातले लेख आहेत, अमोघवर्षाच्या काळातले. वर सम्राटाचं नाव, खाली कोकणच्या पुल्लशक्तीचं किंवा दुसऱ्या कपर्दीचं. राजे शिवभक्त, पण लेखांत आहे ते बौद्ध विहारासाठी दिलेलं धन. विहाराची डागडुजी, भिक्षूंची वस्त्रं, पुस्तकं यांची तजवीज. एका लेखात गौड देशातून, म्हणजे बंगालकडून, आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकानं शंभर द्रम्म, म्हणजे त्या काळची नाणी, ठेवले आहेत. कुठे बंगाल, कुठे बोरिवली!

इसवी सन ९७३ मध्ये चालुक्य तैलपानं राष्ट्रकूटांचं राज्य बुडवलं. अशा वेळी मांडलिक काय करतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. नव्या धन्याचं नाव सनदेवर घालतात आणि आपली गावं वाचवतात. अपराजित नावाच्या शिलाहार राजानं तसं केलं नाही. भिवंडीजवळच्या भादाणे गावाचा त्याचा ताम्रपट ९९७ सालचा आहे. राष्ट्रकूट जाऊन चोवीस वर्षं झाली होती. तरीही त्यानं आधी राष्ट्रकूटांची सगळी वंशावळ कोरवून घेतली, गोविंदापासून कक्कलापर्यंत, आणि मग लिहिलं की तैलपानं ते राज्य उखडलं, आता त्याची नुसती आठवण उरली आहे. त्यानंतर स्वतःचं नाव.

मी हा ताम्रपट जेव्हा जेव्हा अनुवादात वाचते तेव्हा त्या वंशावळीशी थांबते. एका गावाच्या दानाच्या कागदावर याची काहीच गरज नव्हती. जमीन कुणाची, सीमा कोणत्या, कुणाला दिली, एवढं पुरलं असतं. ज्यांच्याकडून आता काहीच मिळणार नाही, त्यांची नावं एक धाकटा राजा एकेक करून तांब्यावर उतरवतो. मानाची पाच वाद्यं ज्यांनी दिली ते गेले. वाद्यं वाजवायच्या आधी त्यांचं नाव घ्यायचं, एवढंच त्याच्या हातात होतं. इतिहासाची पुस्तकं याला 'स्वतंत्र झाल्याची घोषणा' म्हणतात. राजकारणाच्या दृष्टीनं ते बरोबरच असेल. मला मात्र त्यात श्राद्धाच्या दिवशी नावं घेणारा माणूस दिसतो.

या राज्याची मिळकत भाताची होती, नारळी-पोफळीची होती. पण खरी श्रीमंती बंदरांची. अरबी प्रवासी अल-मसूदी इसवी सन ९१५-१६ च्या सुमारास चौलला आला होता. त्यानं लिहून ठेवलंय की इथला राजा झंझ आहे आणि गावात दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात: सिराफचे, ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे, आणि इथेच जन्मलेले. त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक मुखिया राजानं नेमला होता, त्याला 'हुन्नरमन' म्हणत. हाच झंझ राजा शिलाहारांच्या ताम्रपटांत बारा शिवमंदिरं बांधणारा म्हणून येतो. एकाच माणसाच्या या दोन नोंदी, एक अरबीत, एक संस्कृतात, आणि त्या एकमेकींना कुठेही छेद देत नाहीत. चौलच्या वाडीतून चालताना मला त्या बंदराची कल्पना करावी लागते, कारण आता तिथे फार शांतता असते. पोफळीच्या झावळ्या आणि रहाटाच्या जुन्या विहिरी.

जहाजवाल्यांचा मान दरबारात केवढा होता ते १०९४ च्या खारेपाटण ताम्रपटात दिसतं. अनंतदेव नावाच्या राजानं आपल्या दोन अमात्यांच्या जहाजांना श्रीस्थानक, नागपूर, शूर्पारक आणि चेमूल्य या बंदरांत जकात माफ केली. (हे नागपूर विदर्भातलं नव्हे, किनाऱ्यावरचं.) अमात्यांची नावं भाभणश्रेष्ठी आणि धनामश्रेष्ठी, दोघे सख्खे भाऊ. नावातच श्रेष्ठी, म्हणजे शेट. राज्यकारभार बघणारे आणि गलबतं हाकणारे एकच.

आता ज्या सनदेसाठी मला हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे येते.

डहाणूजवळ चिंचणीला काही ताम्रपट सापडले. त्यांतला एक शक ९५६ चा, म्हणजे इसवी सन १०३४ चा. तेव्हा गादीवर छित्तराज होता, अंबरनाथच्या लेखातला तोच थोरला भाऊ. त्याचा एक मांडलिक चामुंडराज संजाणला कारभार करत होता. मांडलिकाचाही मांडलिक. एवढ्या लहान धन्यानं काय दान द्यावं? त्यानं दिला एक घाणा. तेलाचा घाणा. तिथल्या एका मठाला. आणि कशासाठी, तेही लिहिलं: देवीपुढे दिवा लावायला, आणि मठात अध्ययन करणाऱ्यांच्या व येणाऱ्या ब्राह्मणांच्या पायांना चोळायला.

पायांना चोळायला तेल. मी हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसले. माझ्या डोळ्यांपुढे आजीची बुधली आली. देवळातून परतल्यावर बुधलीत जे दोन थेंब उरत ते ती माझ्या तळपायांना लावायची. "देवाचं झालं, आता तुझं," म्हणायची. तिचा अंगठा टाचेच्या भेगांवरून फिरायचा आणि मला गुदगुल्या व्हायच्या. हजार वर्षांपूर्वीच्या त्या सनदेत अगदी हाच क्रम आहे. आधी दिवा, मग पाय.

त्या तेलाचा सगळा प्रवास बघायला हवा. कुठल्यातरी शेतात तीळ पिकले असतील. तेल्यानं ते घाण्यात टाकले. बैलाच्या डोळ्यांवर झापड, तो गोल फिरतोय. लाकूड लाकडावर घासून कुरकुरतंय. पेंड एका बाजूला, तेल खालच्या भांड्यात. लांबून, कदाचित घाट उतरून, एक माणूस चालत मठात आला. पाय फुटलेले, चिखलाने कुजलेले. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात चालणाऱ्याला चिखल्या होतातच. तो त्रास मला ठाऊक आहे. त्याला कुणीतरी ओसरीवर बसवलं, पाय धुतले, तेल दिलं. आणि हे रोज व्हावं, आपण मेल्यावरही व्हावं, म्हणून संजाणच्या कारभाऱ्यानं ते तांब्यावर कोरवून घेतलं.

मोठ्या साम्राज्यांच्या लेखांत दिग्विजय असतात. चारी समुद्रांचं पाणी प्यालेले हत्ती असतात. ते खोटं नसेलही, पण त्यातलं माझ्या ओळखीचं काही नसतं. चौदाशे गावांच्या राज्यात धनी इतका जवळ असतो की त्याला येणाऱ्याचे पाय दिसतात. लहान राज्य म्हणजे मोठं व्हायचं राहून गेलेलं राज्य, असं मी आता मानत नाही. त्याचं माप निराळं आहे.

सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही. लहान राज्यात भाऊबंदकीही तितकीच जवळून लागते. छित्तराज, नागार्जुन, मुम्मुणी हे तिघे भाऊ एकामागून एक गादीवर आले. लाट देशातून, म्हणजे दक्षिण गुजरातेतून, आलेल्या सोड्ढल नावाच्या कवीनं 'उदयसुंदरीकथा' लिहिली आणि त्यात या तिघांच्याही आश्रयाची कृतज्ञतेनं आठवण ठेवली आहे. पण नागार्जुनाचा मुलगा अनंतदेव याच्या ताम्रपटात निराळंच दुःख आहे. भाऊबंदांच्या वैरामुळे वाईट दिवस आले, तेव्हा परक्यांनी कोकण उद्ध्वस्त केलं, देवाब्राह्मणांना छळलं, आणि आपण त्यांना तलवारीच्या धारेच्या समुद्रात बुडवलं असं तो सांगतो.

त्याच काळात गोव्याच्या कदंबांनीही उत्तर कोकणावर हात टाकला होता, आणि त्याची हकिगत तर मन विषण्ण करणारी आहे. कदंब राजा षष्ठदेव एकदा जहाजांचा ताफा घेऊन सौराष्ट्राकडे निघाला होता. ठाण्याच्या मुम्मुणीनं त्याची कीर्ती ऐकली, त्याला मानानं आपल्या वाड्यात आणलं, आपली मुलगी दिली आणि पाच लाख सोनं दिलं, असं कदंबांचाच लेख सांगतो. समुद्रातून आलेला पाहुणा जावई झाला. आणि पुढे याच षष्ठदेवाच्या मुलानं, जयकेशीनं, 'कपर्दिकद्वीपा'च्या राजाला मारलं. कपर्दिकद्वीप म्हणजे हेच उत्तर कोकण. मारलेला राजा मुम्मुणीच असावा असं अभ्यासक मानतात. अंबरनाथचं शिखर पाहताना माझ्या मनात हे येतंच. भावाचं देऊळ पुरं करणारा माणूस, आणि त्याला मृत्यू आला तो लेकीच्या सासरहून.

बाराव्या शतकात गुजरातच्या कुमारपाळाशी युद्ध झालं. कारण काय, तर इथल्या मल्लिकार्जुन राजाचा भाट त्याला 'राजपितामह', म्हणजे राजांचा आजोबा, म्हणाला आणि ते कुमारपाळाला सोसलं नाही. निदान गुजरातच्या जैन ग्रंथकारांनी तसं लिहिलं आहे. कुमारपाळाचा सेनापती आंबड पहिल्या स्वारीत हरला, दुसऱ्या स्वारीत त्यानं मल्लिकार्जुनाला मारलं, आणि ते बिरुद बक्षीस म्हणून त्यालाच मिळालं. बंदरांच्या जकातीसारखी जास्त खरी कारणं त्यामागे नक्की असणार. पण भाटाच्या एका शब्दासाठी माणसं मेली हे पुढच्यांना खरं वाटावं, यातही त्या काळाचं काहीतरी आहेच.

त्याआधीचा अपरादित्य मला जास्त भावतो. आक्रमकांच्या हाती गेलेलं राज्य त्यानं परत उभं केलं, आणि मग याज्ञवल्क्यस्मृती या धर्मशास्त्राच्या ग्रंथावर टीका, म्हणजे विवरण, लिहवली की स्वतः लिहिली कोण जाणे, पण ती त्याच्या नावावर आहे: 'अपरार्क'. दूर काश्मिरात या टीकेला मोठा मान होता. तिकडे ती पोचली कशी याचा धागा काश्मिरी कवी मंखाच्या 'श्रीकंठचरिता'त सापडतो. मंखाच्या भावाच्या घरी पंडितांची सभा भरली होती आणि तिथे कोकणच्या अपरादित्याचा दूत तेजकंठ बसला होता. सोपाऱ्याचा माणूस, काश्मीरच्या थंडीत, पंडितांच्या सभेत. तो किती महिने चालला असेल, वाटेत कुठल्या मठात त्याच्या पायांना कुणी तेल दिलं असेल?

हे राजे संस्कृतात बोलले, पण दटावायची वेळ आली की मराठीत आले. नागावला जाताना आक्षी लागतं. तिथला शिलालेख मी लहानपणापासून बघत आले होते. रस्त्याकडेला उभा एक दगड, वर चंद्र-सूर्य. त्यात 'पश्चिमसमुद्राधिपती, कोकणचक्रवर्ती' केशीदेवराय आणि त्याचा महाप्रधान भइर्जु सेणुई यांची नावं आहेत, आणि भाषा मराठी. शक ९३४ वाचलं तर हा लेख १०१२ सालचा ठरतो, मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक. घराण्यात केशीदेव दोन झाले, त्यामुळे काही जण तो दोनशे वर्षं अलीकडे आणतात. पहिल्या केशीदेवाला अरिकेसरी असंही नाव आहे. त्याचा १०१७ चा ताम्रपट १७८७ मध्ये ठाण्यात खोदकाम करताना सापडला, आणि या घराण्याची ओळख आधुनिक जगाला तेव्हा झाली.

आक्षीच्या दगडावर खाली एक चित्र आहे, ते मोठी माणसं मुलांना दाखवत नसत. राजाची आज्ञा जो मोडेल त्याच्या आईची गाढवाकडून विटंबना. याला गधेगाळ म्हणतात. परळच्या शिलालेखात, दुसऱ्या अपरादित्याच्या काळातल्या, सगळा मजकूर संस्कृतात आहे आणि शाप तेवढा मराठीत: जो कोणी हे शासन लोपेल त्याच्यावर 'वैद्यनाथ देवाची भाल सकुटुंबीआ पडे'. पुढचं लिहवत नाही. राजाची शिक्षा आईच्या अंगावर का, हा प्रश्न मला प्रत्येक गधेगाळापाशी पडतो, आणि त्याला कुठलंही समर्थन पुरत नाही. शरणागतांना वज्रपंजर म्हणवणाऱ्यांच्याच राज्यात हे कोरलं गेलं. शेत नांगरणारा कुळवाडी संस्कृत वाचत नव्हता. त्याला कळावं म्हणून भाषा त्याची आणि चित्र त्याच्या आईचं. माझ्या भाषेच्या पहिल्या कोरीव अक्षरांत हेही आहे. ते मी लपवून कसं चालेल?

शेवटचा राजा सोमेश्वर. त्याचे लेख उरणजवळ रानवड आणि चांजे इथे सापडले, १२५९ आणि १२६० सालचे. चांजेच्या लेखात त्यानं ठाण्याच्या उत्तरेश्वर महादेवाला उरणातल्या एका बागेचं उत्पन्न दिलं आहे, १६२ पारुत्थ द्रम्म. आकडा बघा: दीडशे नाही, दोनशे नाही, एकशे बासष्ट. बागेत झाडं मोजून, फळ धरून कुणीतरी हिशेब केला असणार. देवगिरीच्या यादवांची नजर कोकणावर होती हे तेव्हा सोमेश्वराला माहीत नसेल असं होऊच शकत नाही. तरीही देवाच्या हिशेबात दोन द्रम्म इकडे-तिकडे होऊ दिले नाहीत.

पाचेक वर्षांत महादेवराव यादव हत्तींचं दळ घेऊन कोकणात उतरला. जमिनीवर सोमेश्वर हरला आणि जहाजांवर चढला. यादव समुद्रातही मागे आले. तिथे तो बुडाला. हेमाद्री यादवांचा मंत्री. त्यानं या प्रसंगावर श्लोक रचले. सोम समुद्रात पोहण्यात निष्णात, तरी सैन्यासकट बुडाला. महादेवाच्या रागाच्या आगीपेक्षा त्याला वडवानल, म्हणजे समुद्राच्या पोटातली आग, बरा वाटला. श्लोक म्हणून ते उत्तम आहेत. पण जिंकणाऱ्याच्या लेखणीतले आहेत, आणि 'पश्चिमसमुद्राधिपती' म्हणवणाऱ्या घराण्याच्या शेवटावर केलेल्या कोट्या आहेत. मला ते मोठ्यानं वाचवत नाहीत.

बोरिवलीत एक्सरला सहा वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, उभे आहेत, त्यांतले मोठे दहा फुटांच्या आसपासचे. त्यांवर समुद्रावरची लढाई कोरली आहे, आणि ती हीच सोमेश्वराची शेवटची लढाई असं बरेच जण मानतात. काहींना ते वीरगळ अजून जुने वाटतात. बहिणीच्या घरून ते चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. गेल्या पावसाळ्यात आम्ही दोघी गेलो होतो. आजूबाजूला इमारती, रिक्षा, कुठल्यातरी स्वयंपाकघरातला कुकरच्या शिट्टीचा आवाज. वरच्या चौकटीत वीर शिवापाशी पोचले आहेत, अप्सरा त्यांना वर नेत आहेत. बहीण ते बघत होती. मी खाली वाकले.

खाली जहाजं आहेत. डोलकाठ्या, टोकदार नाळ, आणि कडेनं एका रांगेत बाहेर आलेली वल्ही. योद्धे उभे आहेत, त्यांची डोकी दिसतात. वल्ही मारणारे मात्र जहाजाच्या आत आहेत. त्यांचं दिसतं ते फक्त वल्हं. ते कोण असतील? भंडारी, कोळी, कुणी चौलचे अरब? दगड ओला होता. मी बोट ठेवून वल्ही मोजायला लागले. मधेच कोरीव काम झिजलेलं लागलं आणि माझा हिशेब चुकला.

"अगं, चल, पाऊस येतोय," बहीण म्हणाली.

"थांब जरा," म्हटलं, आणि पुन्हा पहिल्या वल्ह्यावर बोट ठेवलं.